दगडाखालचा भुंगेरा श्वास कुठून घेतो?

प्रश्न: आमच्या ओढ्यात पावसाळा संपल्यावर पाणी निवळलं की दगड उलटले तर खाली दोन-तीन मिलिमीटरचे काळपट किडे चिकटलेले दिसतात. पोहत नाहीत, श्वासासाठी वरही येत नाहीत. मग जगतात कसे? आणि लोक तिथेच कपडे धुतात, त्याचा यांना त्रास होतो का? – एक वाचक, ता. मुळशी

उत्तर: वर्णनावरून तरी हा रिफल बीटल वाटतोय, एल्मिडी कुळातला भुंगेरा. जात कुठली ते मायक्रोस्कोपशिवाय सांगता येणार नाही. पोहणं याला जमतच नाही, लांब पाय आणि अंगाच्या मानाने चांगल्याच मोठ्या नख्या, त्यांच्या जोरावर खळाळत्या पाण्यात दगडाला धरून चालायचं आणि शेवाळ, कुजका पाला खात राहायचं, बस.

आता श्वासाचं. पाण्यातले बरेच भुंगेरे हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारतात, पण त्यातला नायट्रोजन हळूहळू पाण्यात जातो, बुडबुडा आकसतो आणि त्यांना परत वर यावं लागतं. याच्या पोटाकडच्या बाजूला मात्र पाणी न धरणारे इतके बारीक आणि दाट केस असतात की त्यांच्यात हवेचा पातळ थर कायमचा अडकून राहतो, दाबाने आकसत नाही, आणि किडा त्यातला ऑक्सिजन वापरेल तसा पाण्यातला ऑक्सिजन आत येत राहतो. याला प्लास्ट्रॉन म्हणतात. भिंगातून बघितलं तर पोट चांदीसारखं चमकतं. अट एकच, पाण्यात ऑक्सिजन भरपूर हवा, म्हणून हा साचलेल्या डबक्यात सहसा नाही सापडत. अळीचं वेगळंच, तिच्या शेपटीच्या टोकाला कल्ल्यांचा झुपका असतो, हवा तेव्हा बाहेर काढते नाहीतर आत ओढून घेते.

त्रास होतो का, तर हो, आणि थेट होतो. साबण-डिटर्जंटमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी केसांच्या मधे शिरतं, हवेचा थर फुटतो आणि जवळजवळ आयुष्यभर पाण्यात राहिलेला किडा चक्क बुडून मरतो! धुणं बंद करा असं कुणाला सांगणार, पण बादलीने पाणी काठापासून लांब नेऊन धुतलं आणि फेसाचं पाणी मातीत ओतलं तरी पुष्कळ फरक पडेल.

प्रश्न: हे उडतात का? – त्याच वाचकाचा

उत्तर: बरेचसे उडतात, पण थोडेच दिवस. अळी पाण्यातून बाहेर येऊन काठाच्या ओल्या मातीत कोष करते, त्यातून निघालेला भुंगेरा थोडा उडतो, रात्री दिव्यावरही येतो, मग पाण्यात शिरला की सहसा परत बाहेर पडत नाही, काहींचे तर उडायचे स्नायूही झिजून जातात. अमेरिकेत टेक्सासमधल्या कोमल स्प्रिंग्जच्या झऱ्यांतली एक जात तर उडतच नाही. तिथे जमिनीखालचं पाणी इतकं उपसतात की दुष्काळात झरे आटायची भीती असते, आणि ती झरा सोडून दुसरीकडे जाणार कशी? 1997 साली तिला तिकडच्या सरकारने धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं.