‘तुम्ही नक्की कुठल्या विभागाच्या?’

(संगीताच्या मानसशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेची वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं)

प्रश्न : ताई, मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे आणि गाण्यात विशारद आहे. राग ऐकताना ऐकणाऱ्याच्या मनात काय घडतं, यावर मला पीएच.डी. करायची आहे. मानसशास्त्राचे सर म्हणतात, हा संगीताचा विषय. संगीत विभागात गेले तर म्हणाले, यातलं संख्याशास्त्र इथे कोण तपासणार? मी कुणाकडे जाऊ?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आधी तुझ्या सांगली-मिरजेकडचीच गोष्ट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी श्रुती, म्हणजे सप्तकातली स्वरांची सूक्ष्म अंतरं, मोजायला बसलेल्या मंडळींत कृष्णाजी बल्लाळ देवल होते, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश होते. आणि गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. बावीस श्रुतींवरचं देवलांचं पुस्तक १९१० साली आलं. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या मोजमापांवर कडाक्याचा वाद झाला, संगीतशास्त्रकार भातखंडे विरोधात उभे राहिले. निष्कर्ष वादाचे ठरले तरी मला ती बैठक फार मोलाची वाटते, कारण मोजणारा आणि गाणारा एकाच खोलीत होते. तुला तशी खोली शोधायची आहे. दारावरच्या पाटीवर कुठल्या विभागाचं नाव आहे, ही दुय्यम गोष्ट.

दोघं एकत्र आले की काय हाती लागतं, याचं माझं आवडतं उदाहरण इंग्लंडमधल्या मार्टिन क्लेटन यांचं, २००७ मधलं; तेव्हा ते ओपन युनिव्हर्सिटीत होते. ख्यालाच्या मैफलीत गायकामागे दोन तंबोरे असतात. ते छेडणाऱ्यांनी एकमेकांशी लय जुळवायची नसते, किंबहुना जुळू नये अशीच अपेक्षा असते; स्वर अखंड भरून राहिला पाहिजे. क्लेटन यांनी व्हिडिओवरून त्यांच्या हातांच्या वेळा नोंदवल्या. त्यात दिसलं की मनात नसतानाही हात मधूनच एकमेकांशी जुळतात आणि पुन्हा सुटतात. आता बघ, तंबोऱ्यांनी जुळायचं नसतं हे नुसत्या मानसशास्त्रज्ञाला ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला त्यात नवल वाटणार नाही. आणि जन्मभर तंबोऱ्यापुढे बसलेला गवई तो हात मोजायला जाणार नाही. तो प्रश्न दोन्हीकडची तालीम असलेल्याच माणसाला पडतो. म्हणून पीएच.डी.च्या धबडग्यात रियाज सोडू नकोस. तोच तुझा प्रश्नांचा झरा आहे.

आता व्यवहाराचं. विभाग बघून जाऊ नकोस, माणूस बघून जा. आपल्याकडे हे काम अनेकदा भलत्याच पाटीखाली चालतं. आयआयटी मुंबईत प्रीती राव यांनी रागसंगीताचं विश्लेषण केलं ते विद्युत अभियांत्रिकी विभागात. हैदराबादच्या आयआयआयटीत विनू अल्लुरी आहेत, त्यांची पीएच.डी. फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातली, जिथे संगीत, मन आणि तंत्रज्ञान असा पदव्युत्तर अभ्यासक्रमच आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्येही ‘संगीत, मन आणि मेंदू’ यावर एम.एस्सी. करता येते. इथेच करणार असशील तर मार्गदर्शक मानसशास्त्राचे घे आणि सहमार्गदर्शक संगीताचे. फक्त आराखडा सादर करण्याआधी दोघांना एकदा समोरासमोर बसव. हे राहिलं की चौथ्या वर्षी एक जण म्हणतो, नमुना लहान आहे, आणि दुसरा म्हणतो, हा यमन रागच नाही.

संख्याशास्त्र स्वतः शिक, दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नकोस. त्यासाठी आर हे सॉफ्टवेअर शीक, स्वर मोजायला प्रात आणि व्हिडिओवर खुणा करायला एलान. तिन्ही फुकट मिळतात. आणि प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा मानसशास्त्रात देऊन ठेव. जाहिरात निघते ती मानसशास्त्राची नाहीतर संगीताची; दोन्हींच्या मधल्या जागेची सहसा निघतच नाही. माझी पीएच.डी. संगीत विभागातली, आज शिकवते मानसशास्त्र विभागात, आणि ‘तुम्ही नक्की कुठल्या?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो. त्याने खचून जाऊ नकोस. दोन्हीकडे पाहुण्यासारखं वागवलं जातं हे खरं आहे, आणि तरीही मला दुसरं कुठलंही काम करावंसं वाटलेलं नाही.

प्रश्न : गर्भाला आणि तान्ह्या बाळाला मोझार्टचं संगीत ऐकवून बुद्धी वाढते, असं सिद्ध झालं आहे ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १९९३ मधला ‘नेचर’मधला तो मूळ प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा आहे, त्यात बाळं नव्हती. मोझार्टची पियानो रचना दहा मिनिटं ऐकल्यावर आकार आणि जागा यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम पंधराएक मिनिटांत ओसरला. २००१ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दाखवलं की हा सगळा खेळ मनाच्या उल्हासाचा आहे. सीडीवर खर्च करू नका. आईने स्वतः अंगाई म्हणावी, सूर कसाही असो.

प्रश्न : चाळीस वर्षं गाणं शिकवतो आहे. स्वर यंत्रावर मोजून आणि लोकांकडून आकडे भरून घेऊन रागाचं काय कळणार? – एक गायन शिक्षक, बेळगाव

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमची हरकत अर्धी मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी १९८४ चा एक प्रयोग सांगते. कॅस्टेलानो, मुंबईत जन्मलेले जमशेद भरुचा आणि कॅरल क्रुमहान्सल यांनी दहा राग घेतले. रागाचा तुकडा वाजवायचा, मग सप्तकातला एकच स्वर, आणि ऐकणाऱ्याने तो किती ‘बसतो’ याचा आकडा द्यायचा. ऐकणारे काही भारतीय, काही पाश्चात्त्य. षड्ज-पंचम वर आले, रागातला मुख्य स्वर म्हणजे वादी, तोही वर आला, आणि तो पाश्चात्त्यांच्याही आकड्यांत. कारण उघड आहे, तुकड्यात जो स्वर जास्त वेळ ठेवला, तो कानाने धरला. पण राग ज्या स्वरसप्तकांत बसवतात त्या थाटांचं एकमेकांशी असलेलं नातं फक्त भारतीयांच्याच उत्तरांत उमटलं. म्हणजे रागातलं किती नादातच उघडं असतं आणि किती वर्षानुवर्षं ऐकून अंगी मुरतं, याची सीमारेषा या साध्या आकड्यांनी दाखवली. वर्षानुवर्षांच्या ऐकण्याने कानात नेमकं काय मुरतं, याचा हा पुरावा आहे. माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही.

तुमची अर्धी हरकत खरी ठरते ती दरबारी रागात. त्या प्रयोगातला प्रत्येक स्वर एका जागी स्थिर होता. दरबारीचा कोमल गंधार असा खुंटीला बांधता येत नाही. तो आंदोलनातच असतो, म्हणजे संथ डोलत, रिषभाकडे झुकत. भूप आणि देसकाराचे स्वर तेच पाच, पण गंधार-धैवतावरचं वजन आणि उच्चार बदलला की राग बदलतो. हे हल्ली स्वराची सलग रेघ काढून तपासतात, आयआयटी मुंबईच्या गटाने भूप-देसकाराचीच जोडी त्यासाठी घेतली. आंदोलनाचा वेग किती वाढला की दरबारी बिघडली असं तुम्ही म्हणता? शिष्य चुकतो तेव्हा तुम्ही काय बोलून त्याला थांबवता? ते जसंच्या तसं लिहून माझ्याकडे पाठवा, शक्य असेल तर गाऊन ध्वनिमुद्रण करा. आमच्या प्रयोगाचा आराखडा तिथूनच सुरू करता येईल.