फिनिक्समध्ये अंगणात रॅटलस्नेक निघाला. पकडून लांब वाळवंटात सोडावा का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच ॲरिझोनात आलात, कुंड्यांमागे रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप, वेटोळं घालून बसलेला दिसला, आणि त्याला न मारता लांब सोडून यायचा विचार आहे. मारायचा नाही हे ठरवलंत, फार बरं वाटलं. पण लांब नेऊ नका, आणि स्वतः पकडायला तर मुळीच जाऊ नका.

मी फिनिक्समधल्या साउथ माउंटन डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि साप हलवणाऱ्या एका अनुभवी बाईंबरोबर मदतीला जातो. माझं लहानपण रत्नागिरीकडे गेलं. तिथे साप निघाला की पोत्यात घालून दूरच्या रानात सोडायचा, हेच पाहिलेलं. इथेही तसंच करायचं असेल, असं मी धरून चाललो होतो.

तुमच्याकडचा बहुधा वेस्टर्न डायमंडबॅक या जातीचा रॅटलस्नेक असेल. शेपटीवर खुळखुळ्याच्या अलीकडे काळे-पांढरे पट्टे दिसले तर बहुधा तोच. हा साप वर्षानुवर्षं एकाच टापूत राहतो. सावली कुठे, उंदीर कुठे, थंडीत कोणत्या कपारीत शिरायचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि दर हिवाळ्यात तो बहुधा त्याच कपारीत परततो. वीस मैलांवर सोडला की यातलं काहीच उरत नाही. रेडिओ ट्रान्समीटर बसवून सापांचा माग काढला, तेव्हा लांब नेलेले साप खूप भटकतात आणि त्यांच्यातले मरतातही जास्त, असं आढळलं. म्हणून आम्ही शक्यतो अर्ध्या मैलाच्या आतच, जवळच्या डोंगरउतारावर सोडतो.

आणि सोडायचा म्हणजे झाकण उघडून ओतायचा नाही. जूनमधल्या एका दुपारी एसीच्या युनिटमागून एक साप काढला. लांब चिमट्याने अलगद उचलून उंच बादलीत ठेवला, झाकण फिरवलं. आतून सूंऽऽ असा एकसुरी आवाज, बागेतला फवारा जोरात सुटावा तसा. बादली धरलेल्या माझ्या हाताला ती थरथर जाणवत होती. बाईंनी मात्र सूर्य कलेपर्यंत बादली सावलीत ठेवायला लावली, कारण त्या तापलेल्या जमिनीवर उघडा पडलेला साप काही मिनिटांत मरतो. संध्याकाळी एका मोठ्या खडकाच्या फटीशी बादली आडवी केली. आवाज थांबला, जीभ दोनदा बाहेर आली, आणि तो आत सरकला.

जुलै-ऑगस्टमध्ये निघाला तर आणखी जपा. रॅटलस्नेक अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो, आणि पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत, साधारण आठवडा-दहा दिवस, मादी त्यांच्यापाशी थांबते. तेव्हा नुसती आई उचलून नेणं मला फार क्रूर वाटतं. हलवायचंच तर सगळ्यांना एकत्र हलवायला सांगा.

तूर्तास पाच-सहा पावलं लांब राहा, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, एकाने दुरून नजर ठेवा आणि जाणकाराला बोलवा. काही गावांत अग्निशमन दलही येतं. येणाऱ्याला ‘कुठे सोडणार?’ हे आधीच विचारा. चावलाच तर चिरणं, चोखणं, घट्ट बांधणं, बर्फ लावणं यातलं काही करू नका, लगेच 911 लावा.

साप गेल्यावर फाटकाखालची फट बुजवा. पक्ष्यांसाठी दाणे टाकत असाल तर सांडलेले रोज झाडून घ्या. दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे तो येतो.