भिंतीपलीकडच्या बाईचं चित्र काढूच नकोस

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे. तीन वर्षं एका ॲनिमेशन स्टुडिओत क्लीनअप (कच्ची रेखाटनं स्वच्छ करणं) आणि इन-बिटवीनचं (मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणं) काम करते. दीड वर्षापासून रात्री घरी एकटीच माझी टूडी शॉर्टफिल्म करतेय. भिंतीपलीकडून येणारा शिलाई मशीनचा आवाज ऐकत मोठी होणारी मुलगी, पलीकडे शिवणकाम करणारी बाई आणि एके दिवशी थांबलेला तो आवाज, अशी गोष्ट आहे. नऊ मिनिटांपैकी ७० सेकंद झालीत. नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू का?

उत्तर: नोकरी सोडू नकोस. फिल्म मात्र तीन मिनिटांवर आण.

सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेमना, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. नऊ मिनिटांची झाली ६,४८०. त्यातली ८४० तू नोकरी सांभाळून काढलीस, आणि ही मेहनत किती आहे ते मला पुरतं ठाऊक आहे. पण याच गतीनं उरलेल्याला आणखी दहा वर्षं लागतील. नोकरी सोडून वेग तिप्पट झाला तरी तीन वर्षांवर, तेही पगाराशिवाय. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी अशी उडी घेतली, त्यांतल्या बहुतेकांना वर्षाच्या आत फ्रीलान्स कामं धरावी लागली आणि फिल्म पुन्हा रात्रीवरच आली.

ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजासकट कच्च्या चित्रांचा आराखडा, केलंयस का? पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. माझ्या पहिल्या फिल्मला मी ते केलं नव्हतं. सगळं रंगवून एडिटला बसले, तेव्हा दिसलं की जिना चढण्याचा अख्खा प्रसंग नसला तरी काही अडत नाही. काढून टाकला. पाच महिन्यांचं काम होतं ते. स्टोरीबोर्डची कच्ची चित्रं आवाजासकट टाइमलाइनवर लावली असती, तर एका संध्याकाळीच कळलं असतं.

आता तुझी गोष्ट. पलीकडच्या बाईचं चित्र काढूच नकोस. तिचा चेहरा, खोली, कापडं, सगळं गाळ. आपल्याला मुलगी दिसू दे आणि बाई फक्त ऐकू येऊ दे. मुलीलाही ती कुठे दिसतेय? यानं चित्रं तर वाचतीलच, पण आवाज थांबल्यावर प्रेक्षकही मुलीसारखाच भिंतीकडे बघत राहील.

वाचलेला वेळ एका शॉटवर घाल: मुलगी भिंतीला कान लावते तो. आधी डोळे वळू देत, मग मान. कान टेकण्यापूर्वी डोकं किंचित मागे घे, चार-सहा फ्रेम पुरतील. टेकल्यावर १६ फ्रेमचा होल्ड, म्हणजे तीच पोझ तशीच धरून ठेव, आणि त्यात फक्त पापणी हलव. सगळंच गोठवलंस तर मुलगी मेल्यासारखी दिसेल. शोरीलमध्येही, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, हाच शॉट पहिला ठेव. रील मिनिटभराची पुरे, आणि कोणत्या शॉटमध्ये तू काय केलंस ते लिहिलेलं असू दे.

नोकरीचा करार काढून वाच. कामाच्या वेळेबाहेर केलेल्या कामावरही काही ठिकाणी मालक हक्क सांगतो. स्टुडिओचा संगणक किंवा सॉफ्टवेअरचं लायसन्स या फिल्मला अजिबात वापरू नकोस. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात टूडी चित्रं काढायला ग्रीस पेन्सिल हे साधन आहे. त्याच ब्लेंडरवर केलेल्या ‘फ्लो’ या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा साधन कमी पडेल ही भीती नको. फिल्म झाली की लगेच ऑनलाइन टाकू नकोस, बरेच महोत्सव प्रीमियरची, म्हणजे पहिलं प्रदर्शन त्यांच्याकडेच व्हावं अशी, अट घालतात.

आणि चित्रांना हात लावण्याआधी मशीनचा आवाज रेकॉर्ड कर. पायानं चालवायचं मशीन मिळव, दार लावून घे, आणि माइक भिंतीच्या अलीकडे, मुलीच्या बाजूला ठेव. चाकाला हातानं दिलेला पहिला धक्का, मग पकडलेली लय, शिवण संपत आली की मंदावणारी सुई. मुलीनं कधी श्वास रोखायचा ते त्या आवाजावरून ठरव.