फायलिंग मोबाईलवर शिकवता येत नाही, हे मान्यच

आयटीआयच्या इन्स्ट्रक्टरांनी ऑनलाइन साधनं वापरावीत, असं मागच्या वेळी या सदरात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुक कमी आणि तक्रारी जास्त, म्हणून पत्रं आवडली. नावं कुणाचीच देत नाही. आपला गोवा एवढासा, कुणाचा जावई कुठल्या आयटीआयत आहे ते दोन फोनांत कळतं.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही सगळ्या इन्स्ट्रक्टरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. सगळ्यांनी खाती उघडली, प्रमाणपत्रं घेतली, ग्रुप फोटोही झाला. आज चौदांपैकी एकच जण काहीतरी वापरतो. आता सक्तीचा आदेश काढावा का? (एक प्राचार्य, दक्षिण गोवा)

काढा, पण मग काय होईल तेही ऐका. दर शुक्रवारी चौदा स्क्रीनशॉट तुमच्या टेबलावर येतील आणि वर्कशॉपच्या शेडमध्ये काहीही बदललेलं नसेल. आदेशाला कागदाने उत्तर कसं द्यायचं, हे आपल्या सरकारी माणसाला शिकवावं लागत नाही.

दोन दिवसांत तुम्ही त्यांना किती साधनं दाखवलीत? माझा अंदाज, सात-आठ. आणि त्यातलं एकही त्यांच्या ट्रेडच्या उदाहरणावर नसणार. टर्नरच्या सरांना रंगीबेरंगी स्लाइड कशी करायची ते दाखवून उपयोग नाही. त्यांना विचारायला हवं की आठवड्यात तुमचा जीव कशाने मेटाकुटीला येतो. बहुतेकांचं उत्तर एकच येईल : पेपर. थिअरीची परीक्षा आता संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची. तिचा सराव म्हणून सर हाताने प्रश्न लिहितात, झेरॉक्स काढतात आणि वीस पेपर घरी नेऊन तपासतात. सुरुवात तिथून करा. दहा प्रश्नांचा एक गूगल फॉर्म. प्रश्न नव्याने लिहायचीही गरज नाही. चेन्नईची ‘निमी’ ही संस्था १९८६ पासून आयटीआयचीच पुस्तकं काढते आणि ‘भारत स्किल्स’ या पोर्टलवर २०१९ पासून ट्रेडनिहाय प्रश्नसंच पडून आहेत. तपासणी फॉर्मच करतो.

एका मशीनिस्टच्या सरांबरोबर मी हे करायला बसलो होतो. निकालाच्या पानावर वारंवार चुकलेले प्रश्न वेगळे दिसतात. त्यांच्या वीसपैकी तेरा मुलांनी व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.१ मिमी लिहिला होता. वर्कशॉपातल्या व्हर्नियरवर पन्नास भाग असतात, म्हणजे उत्तर ०.०२. सर चक्रावले, दोनदा शिकवलं होतं म्हणाले. मग त्यांनाच सापडलं : शाळेत फिजिक्सच्या लॅबमधला व्हर्नियर दहा भागांचा, तिथलं ०.१ मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. सरांनी लॅपटॉप मिटला, कपाटातून व्हर्नियर काढला आणि भाग मोजण्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुढचा फॉर्म त्यांनी मला न विचारता केला.

तुमच्या हातातली गोष्ट मात्र वेगळी आहे, साहेब. एकच हजेरी तीन रजिस्टरांत भरावी लागत असेल आणि वर हे नवं काम, तर कुणीही नवं काम टाळेल, मीही टाळेन. आधी एखादं रजिस्टर बंद करा. वेळापत्रकात आठवड्याला एक तास या कामासाठी लिहून द्या. आणि तो जो एकटा वापरतो आहे ना, त्याला व्यासपीठावर चढवू नका. चहाच्या वेळी शेजारच्या शेडमध्ये पाठवा. बाहेरच्या तज्ज्ञाचं आपण टाळ्या वाजवून ऐकतो आणि विसरतो. शेजारच्या ट्रेडवाल्याला जमलं तर मात्र आपल्याला झोप येत नाही.

प्रश्न : मी फिटर ट्रेड शिकवतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली. फाईल, म्हणजे कानस, कशी धरायची, दाब कुठे द्यायचा, हे मोबाईलवर शिकवता येत नाही. उगाच हे सोंग कशाला? (फोंडा)

मास्तर, तुमचं निम्मं म्हणणं मी शीर्षकातच मान्य करून टाकलं आहे. फाईल पुढे नेताना सुरुवातीला डाव्या हाताचा दाब, मग हळूहळू उजव्याचा, आणि मागे आणताना दाब नाहीच. हे हाताला कळायला हात काळे व्हावे लागतात. २०२० च्या टाळेबंदीत आपण हा अनुभव घेतला. त्या दिवसांत मी मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करून मुलांना पाठवलं, स्वतःवर खूश होतो. नंतर एकाने खरं सांगितलं, ‘सर, सहा मिनिटांनंतर कोणीच बघितलं नाही.’ स्टारमध्ये लाइनचा करंट डेल्टाच्या एक तृतीयांश का होतो, ते माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एकोणिसाव्या मिनिटाला होतं.

पण उरलेलं निम्मं बोलू. करायला हात लागतात, बघायला डोळे लागतात. वेल्डिंगच्या बूथमध्ये एकावेळी मुलं किती मावतात? तीन, फार तर चार. बाकीची मागे उभी राहून पुढच्याची मान बघतात. माझ्या ओळखीच्या एका वेल्डिंगच्या सरांनी जुन्या हँडस्क्रीनची अकरा नंबरची काळी काच काढली, ती फोनच्या कॅमेऱ्यापुढे चिमट्याने बसवली आणि फोन स्टँडवर लावून एक रन, म्हणजे वेल्डिंगची एक ओळ, मारला. दीड मिनिटाचं चित्रण. त्यात वितळलेला धातू, त्यामागे घट्ट होत जाणारा स्लॅग (वरचा मळीचा थर) आणि रॉडचं टोक यांतलं अंतर, सगळं स्पष्ट. मग त्यांनी एका मुलाचा रन तसाच घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी दाखवले. रॉड जळत जातो तसा हात खाली यायला हवा. मुलाचा हात जागेवरच, त्यामुळे आर्क (रॉड आणि धातू यांमधली ठिणगी) लांबत गेलेला. हे सर वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. त्या दिवशी मुलाने स्वतःच ‘हात खाली येत नाही’ म्हणून दाखवलं. (काच न लावता फोन आर्कसमोर धरू नका, कॅमेरा खराब होतो. आणि चित्रण करणाऱ्याच्या डोळ्यांवरही काच हवी, हे सांगायला नको, पण सांगतो.)

त्या सरांनी वेल्डिंग मोबाईलवर शिकवलं नाही. बघायची गोष्ट सगळ्यांना बघायला मिळाली, एवढंच. तुमच्या ट्रेडमध्ये तसं काय आहे ते तुम्हीच ठरवा, मला वाटतं ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं अवजार) लावून उजेडाकडे धरल्यावर दिसणारी फट. ती एका वेळी एकालाच दिसते. आणि तीन वर्षं उरली म्हणता, तर मी उलटं म्हणेन. तुमच्या हाताची पाच-दहा चित्रणं तुमच्यानंतर येणाऱ्या पोराला फार लागतील.

प्रश्न : आमच्या भागात रेंज येते-जाते, पावसात वीजही जाते. मी सुइंग टेक्नॉलॉजी, म्हणजे शिवणकाम, शिकवते. मुली आतल्या गावांतून येतात, काहींच्या घरी एकच फोन, तोही वडिलांकडे. ऑनलाइन शब्द ऐकला की आम्हाला टाळेबंदीत रेंजसाठी टेकडीवर चढणारी मुलं आठवतात. (सत्तरी)

बाई, ती आठवण सांगे-केप्यातही तितकीच ताजी आहे. म्हणून ‘ऑनलाइन’ या शब्दाला घाबरायचं नाही आणि भुलायचंही नाही. इंटरनेट एकदाच लागतं, उतरवून घेताना. ते काम तुम्ही म्हापशाला किंवा पणजीला आलात की उरका. ‘निमी’ची पुस्तकं, ‘भारत स्किल्स’वरची तुमच्या ट्रेडची चित्रणं, सगळं एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅबमधल्या संगणकांवर टाका. वर्गात फोन ते फोन द्यायला अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर आहे, त्याला डेटा लागत नाही. तुम्ही स्वतः चित्रण करणार असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८० ऐवजी ७२० वर करा, फाइल बरीच लहान होते आणि बाही बसवताना चुण्या कुठे येतात ते तेवढ्यातही नीट दिसतं. चित्रण दोन मिनिटांच्या आत. गळ्याची पट्टी एका चित्रणात, बाही दुसऱ्यात. एकत्र केलंत की कुणी शोधत बसत नाही.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळा : घरी बघितल्याशिवाय अडेल असं काहीही ठेवू नका. ज्या मुलीकडे फोन नाही तिला लॅबच्या संगणकावर बघायला वेळ मिळायलाच हवा. नाही तर साधन आलं आणि तीच मागे पडली, असं होईल. आणि मुलींचे चेहरे चित्रणात घेऊ नका. हात आणि कापड पुरे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

प्रश्न : मी कंत्राटी आहे, रेफ्रिजरेशन शिकवतो. मला हे सगळं येतं म्हणून प्रत्येकाचे फॉर्म, स्लाइड, लॉगिन मीच करतो. वर ‘तुका कितें, तूं भुरगो’ (तुला काय, तू पोरगा) ऐकावं लागतं. शिकवायला वेळच उरत नाही. (बार्देश)

तुम्ही मदत करता आहात असं तुम्हाला वाटतं, पण खरं तर तुम्ही त्यांना कायमचे परावलंबी करता आहात. दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही, हा नियम आजपासून. शेजारी बसा, बोट दाखवा, पण दाबायचं त्यांनीच. पहिल्यांदा पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास जाईल. जाऊ द्या. चौथ्यांदा तुम्हाला कुणी बोलावणार नाही.

आणि तुम्ही त्यांच्याकडूनही काहीतरी घ्या. मोठ्या सरांना कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून दोष सांगता येतो. तो आवाज रेकॉर्ड करा, सरांना त्यावर दोन वाक्यं बोलायला लावा : हा व्हॉल्व्हचा, हा बेअरिंगचा. असे सात-आठ आवाज जमले की मुलांसाठी असं साधन होईल जे कुठल्याही पोर्टलवर तयार मिळणार नाही, आणि त्यावर सरांचं नाव असेल. त्यानंतर कुणी भुरगो म्हटलं तरी त्यात राग नसेल. जास्तीच्या तासांचं म्हणाल, तर ते प्राचार्यांना लेखी कळवा. त्यावर माझ्याकडे युक्ती नाही.

प्रश्न : सगळं इंग्रजीत. आमची मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकलेली. (डिचोली)

‘निमी’ची पुष्कळ पुस्तकं मराठीतही आहेत, आधी तुमच्या ट्रेडचं बघा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संकेतस्थळावरची सिम्युलेशनंही मराठीत करून घेतलेली आहेत. त्यातलं सर्किट जोडायचं किट इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या महिन्याला उत्तम. बॅटरी शॉर्ट केली तर पडद्यावर आग लागते, शेडमध्ये नाही. अवजारांची नावं मात्र इंग्रजीतच राहू द्या. ‘बेंच व्हाइस’ला प्रतिशब्द शोधायला निघालात तर कारखान्यात गेल्यावर मुलगा गप्प उभा राहील. स्वतः बोलाल तेव्हा शेडमध्ये बोलता तसंच बोला. चित्रण चालू झालं की अचानक पुस्तकी मराठी किंवा मोडकं इंग्रजी सुरू करणारे सर मी बरेच पाहिले आहेत, मुलं त्यावर नकला करतात.

प्रश्न : चॅटबॉटकडून पाठाची टिपणं काढून घेतली तर चालतील का?

मसुदा म्हणून चालतील. आकडे आणि सुरक्षेच्या पायऱ्या पुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय मुलांना देऊ नका. चुकीची गोष्टही तो अगदी ठाम सुरात सांगतो, आणि आपल्या क्षेत्रात चुकीच्या पायरीला शॉक बसतो.

प्रश्न : मी फूड प्रॉडक्शन शिकवते. कॅमेऱ्यासमोर बोलताना हात थरथरतात. आणि चूक झाली तर ती कायमची राहणार, मुलं एकमेकांना पाठवणार. म्हणून टाळते. (तिसवाडी)

इतक्या पत्रांत खरं कारण लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच. वेळ नाही, रेंज नाही, सोंग आहे, ही सगळी कारणं खरी असतात, पण बऱ्याचदा त्यांच्या आड हेच बसलेलं असतं. तीस वर्षं वर्गात राजा असलेल्या माणसाला एका डबीसमोर नवशिका व्हावं लागतं.

तुम्ही कॅमेऱ्यासमोर येऊच नका. पहिलं चित्रण मुलांना करू द्या. प्रत्येकाच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, आहे. पहाटे उठून त्याच्या भट्टीवर जायचं, परवानगी मागायची आणि एकाच गोष्टीचं दोन मिनिटांचं चित्रण करून आणायचं : कुणी उंड्यांचं (गोल पावांचं) पीठ मळताना, कुणी पोळीवर (कोंड्याच्या पावावर) कोंडा भुरभुरताना, कुणी भट्टीत फळी सरकवताना. वर्गात ते पडद्यावर लावा आणि तुम्ही फक्त बोला, थांबवून, मागे नेऊन : इथे पीठ किती सैल आहे बघा, इथे त्याने हात का ओला केला. तुमचा चेहरा कुठेच नाही, तुमचं ज्ञान सगळीकडे.

असं चार-पाच वेळा झालं की एक दिवस पोदेराचं पीठ आणि तुमचं पीठ शेजारी ठेवायची वेळ येईल, तेव्हा फोन ओट्याच्या वर उलटा बांधा, फक्त हात दिसतील असा. आणि एखादी चूक झालीच, मीठ विसरलात, तर ते चित्रण पुसू नका. पुढच्या बॅचला तेच दाखवा आणि विचारा, इथे काय राहिलं?