आधी पट्टी बघ, मग मत विचार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. 'काका, लोकांना स्वतःचं मतच नाही. पाच गावं फिरले, जो तो मोबाइलवर आलेलंच ऐकवतो. मग मी छापू काय?' हे वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. तालुक्याच्या वार्ताहरकीत माझी बत्तीस वर्षं गेली आणि पहिली कितीतरी वर्षं माझंही हेच मत होतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

मत असतं गं. तू विचारलंस कसं, ते आठव. हातात वही, गळ्यात ओळखपत्र, आणि पहिलाच प्रश्न 'सरकारच्या धोरणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?' अशा वेळी समोरचा माणूस आधी तुला जोखतो. ही कोणाकडून आली? माझं नाव छापलं तर कोण वाचेल? घरकुलाची यादी, सोसायटीचं कर्ज, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं, गावात ही सगळी कामं कोणाच्या तरी हातून व्हायची असतात आणि तो माणूस बऱ्याचदा शेजारच्याच ओट्यावर बसलेला असतो. म्हणून लोक सगळ्यात सुरक्षित उत्तर देतात, नाहीतर मोबाइलवरचं ऐकवतात, कारण त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. त्यांना बिनडोक समजू नकोस. जपून राहणं त्यांना भाग आहे.

माझी एक चूक सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. मी बाजाराच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसलो, तासाभरात पंधरा जणांची मतं घेतली आणि 'कांदा उत्पादक संतप्त' म्हणून बातमी दिली. दुसऱ्या दिवशी ती वाचून घरातून हिने विचारलं, 'यात कांदा लावणारे किती?' मोजले तर सहाच निघाले. बाकीचे व्यापारी, गाडीवाले आणि दोन-तीन पुढारी. बाई एकही नव्हती. रोप लावण्यापासून खुरपणी, काढणी, पात कापून साठवणीच्या चाळीत भरेपर्यंत सगळं काम बायकांच्या हातचं, आणि माझ्या बातमीत त्यांचा एक शब्द नाही. बातमी खोटी नव्हती, पण मी जे लोकांचं मत म्हणून छापलं ते टपरीचं मत होतं.

त्याच डिसेंबरात ७ तारखेच्या रात्री निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. लिलाव थांबले, चांदवडला महामार्गावर लोक उतरले. लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर मी बाजारात गेलो. एका रिकाम्या ट्रॉलीच्या सावलीत साठीची एक बाई बसली होती. मी सवयीने विचारलं, 'मावशी, निर्यातबंदीबद्दल काय वाटतं?' त्या म्हणाल्या, 'करत्यात ते बरंच करत आसतील.' मी वही मिटली. पण ऊन फार होतं म्हणून तिथंच टेकलो आणि सहज विचारलं, 'आजची पट्टी काय आली?'

त्यांनी कमरेची पिशवी काढली. आत दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या दोन हिशेबपट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब लिहिलेल्या पावत्या. वाचता येत नव्हतं, म्हणून आधीच्या पट्टीचा कोपरा दुमडून ठेवलेला. दोन्ही ट्रॉलीच्या फाळक्यावर शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी तळव्याने सपाट केल्या. 'ही बंदीच्या आधीची, ही आजची. वावर तेच, रोप तेच, मजूर त्येच. हमाली-तोलाई तेवढीच कापली. मधी काय झालं ते तुमीच सांगा.' भाव निम्म्याच्या आसपास आला होता. वर वजनकाट्यावर व्यापाऱ्याने गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जास्त आहे म्हणून वांधा काढला होता, तो वेगळाच.

मग त्या आपणहून बोलल्या. 'भाव पाडायचाय तर पाडा, पण रोप टाकायच्या आधी सांगा. आमी दुसरं काय तरी लावू.' त्यांची मुलगी मुंबईत असते, तिला कांदा महाग पडतो हेही त्यांना ठाऊक होतं. 'तिला सस्ता मिळावाच. पण सरकारनं पदरचं द्यावं, माझ्या ट्रॉलीतून काढून का देता?'

पोरी, हे धोरणावरचं मत नाही तर काय आहे? रोप टाकल्यापासून कांदा बाजारात यायला चार-पाच महिने लागतात. बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत सांगितली, मग वाढवली, मग ४ मे रोजी उठवली ती टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. लाल, रांगडा, उन्हाळ, प्रत्येक हंगामाच्या कांद्याला वेगळा नियम. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा परवडावा, हे सरकारने बघायलाच हवं, आणि त्या वर्षी केंद्राने साठ्यातला कांदा २५ रुपये किलोने विकलाही. मावशी म्हणत होत्या तो रस्ता हाच. रातोरात बंदी घालणं अन्यायाचंच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मला त्या दोन पट्ट्यांनी दिलं.

तेव्हा मत विचारू नकोस. घडलेलं विचार आणि कागद बघायला माग. कोणी म्हणालं 'अनुदान नुसतं कागदावर', तर तिथंच थांबू नकोस. कोणत्या कागदावर अडलं ते विचार. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला राज्याने क्विंटलमागे ३५० रुपये दिले, २०० क्विंटलपर्यंत. पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. ज्याच्या उताऱ्यावर ती लागली नव्हती, तो आज तुला एवढंच म्हणेल की सरकार काही देत नाही. त्याचं वाक्य मोघम वाटतं, पण त्याच्या मागे एक चुकलेली नोंद आहे. ती तू शोधून काढलीस, तर तलाठ्यालाही उत्तर द्यावं लागेल.

मोबाइलवरचं ऐकवायला लागले तरी रागावू नकोस. शांतपणे विचार, 'हे तुमच्या घरात कधी झालं?' झालं असेल तर ते लिही, मोबाइलवरचं गाळ.

आणखी एक. एकच माणूस दोन उलटी मतं सांगेल. 'भावच दिला असता तर लाडक्या बहिणीचे १५०० कशाला लागले असते' म्हणणारी बाई महिन्याचा हप्ता आला का ते बघायला बँकेत सगळ्यात आधी उभी असेल. तिला दुटप्पी लिहिलंस तर मला वाईट वाटेल. कांद्याची पट्टी नवऱ्याच्या नावावर निघते, ते १५०० तिच्या खात्यात पडतात. दोन्ही गोष्टी ती खरंच बोलते आहे.

गप्प बसणाऱ्यांनाही मोज. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं मतदान तू अजून पाहिलं नसशील. आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करण्याची बाजू, जिंकायला मतदानाला आलेल्या बायकांतलं बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी घरून निघू शकली नाही, तिचं न दिलेलं मत दुकानाच्या बाजूने पडतं. अशा गावात गेलीस तर मतदान केंद्रावर कमी थांब आणि न आलेल्यांच्या घरी जा. कोणाला नवऱ्याने अडवलं, कोणाची मजुरी बुडणार होती, कोणाचं नावच यादीत नव्हतं, ते तुला तिथंच कळेल.

उन्हाळ कांदा बाजारात यायला लागला की ये. सकाळच्या लिलावात गडबड असते, कोणी बोलत नाही. दुपारी ट्रॉल्या काट्यावर रांगेत लागतात तेव्हा पोचू. टपरीकडे वळायचं नाही. भाकरी बांधून आण, दोन जास्तच आण. ट्रॉलीच्या सावलीत बायका सरकून जागा देतात, आणि खाताना वही पिशवीतच राहू दे.

तुझा,
काका