यूएनएचसीआरचं कार्ड असलेल्या अफगाण निर्वासिताला कामावर घेतलं तर कायद्यात बसतं का?

नुसत्या कार्डावर नाही बसत. तुर्भ्याच्या तुमच्या पॅकिंग युनिटमध्ये काम मागायला आलेल्या त्या मुलाला आधी विचारा, लाँग टर्म व्हिसा आहे का?

मी महापे-तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांचं पीएफ, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) काम बघतो. यूएनएचसीआर ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. तिने निर्वासित मानलं तरी भारत सरकारची कामाची परवानगी त्यातून मिळत नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही आणि आश्रय मागणाऱ्यांसाठी वेगळा कायदाही नाही. आधी १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट होता, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला. त्यात पर्यटक आणि जीव वाचवून आलेला माणूस एकाच रांगेत.

वाट आहे ती गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीत. धर्म, वंश, राजकीय मत अशा कारणांनी छळाची भीती खरी असल्याचं सरकारला पटलं, तर लाँग टर्म व्हिसा मिळतो आणि त्यावर खासगी नोकरी करता येते. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला सव्वासोळा लाख पगाराची अट असते, त्यामुळे तो विषयच सोडा.

व्हिसा असेल तर झेरॉक्स आणि एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) नोंदणीचा कागद फाइलला लावा आणि बिनधास्त घ्या. पीएफ पूर्ण पगारावर भरा. परदेशी कामगाराला पीएफसाठीची महिना १५,००० ची पगारमर्यादा लागत नाही. अकाउंटंट हे हमखास विसरतात.

व्हिसाचा अर्ज पडून राहिला तर काय, याचं उत्तर आपल्या कायद्यात नाही आणि मला याची खरंच चीड येते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये नऊ महिन्यांची मर्यादा घातली, २०२४ च्या निर्देशात ती सहावर आणली. तेवढ्यात निकाल नाही लागला तर काम करू द्यायचं. आपल्याकडे शशी थरूर यांनी २०२२ मध्ये आश्रयाबाबत खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. धडधाकट माणसाने तोवर खायचं काय?

म्हणून कोणीतरी तुम्हाला सुचवेलच, रोखीत ठेवून घ्या. कृपा करून तसं करू नका. कारवाई तुमच्यावर होईल हे आहेच, पण त्या मुलाचा पगार बुडाला तर तो तक्रारीला जाणार नाही, मशीनमध्ये बोट गेलं तर ईएसआयसी मिळणार नाही. त्यापेक्षा एफआरआरओच्या पोर्टलवर अर्ज भरायला त्याच्याबरोबर बसा. वेळ लागेल. जागा तोवर धरता येत असेल, तर तसं त्याला सांगून ठेवा.