गणिताची शंकापेटी : लॅम्डाच्या जागी मॅट्रिक्स

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पेपरात केली-हॅमिल्टन प्रमेयाची सिद्धता होती : चौरस मॅट्रिक्स ए साठी डिटर्मिनंट (ए − लॅम्डा·आय) ची बहुपदी काढून तिच्यात लॅम्डाच्या जागी ए घातली की शून्य मॅट्रिक्स येते (आय म्हणजे कर्णावर १ आणि बाकी शून्य असलेली एकक मॅट्रिक्स). मी लिहिलं, डिटर्मिनंट (ए − लॅम्डा·आय) यात लॅम्डाच्या जागी ए घातली की आत शून्य मॅट्रिक्स, तिचा डिटर्मिनंट शून्य, झालं सिद्ध! मार्कही शून्यच मिळाले. प्रमेय खरं आहे, मग माझं चुकलं कुठे?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तुझ्याच युक्तीने मी एक धडधडीत खोटं प्रमेय सिद्ध करून दाखवतो. ए च्या ओळी घे १, २ आणि ३, ४. डिटर्मिनंट सोड, ट्रेस घे, म्हणजे कर्णावरची बेरीज. ए − लॅम्डा·आय चा ट्रेस येतो ५ − २लॅम्डा. आता तुझ्यासारखीच ए घातली, तर आत शून्य मॅट्रिक्स, ट्रेस शून्य. म्हणून ५आय − २ए (सुट्या संख्येला आय जोडायची) शून्य असायला हवी. मांडून बघ : ओळी येतात ३, −४ आणि −६, −३. कुठलं आलंय शून्य!

अगं, लॅम्डा ही कर्णावरच्या घरात बसलेली साधी संख्या आहे. "१ − लॅम्डा" या एका घरात अख्खी मॅट्रिक्स कोंबणार कशी? शिवाय तुझं शून्य ही संख्या, प्रमेयातलं शून्य ही मॅट्रिक्स. आधी डिटर्मिनंट सोडवून बहुपदी काढायची, ए घालायची ती त्यात. आपल्या ए ची बहुपदी लॅम्डा² − ५लॅम्डा − २. ए² च्या ओळी ७, १० आणि १५, २२. त्यातून ५ए आणि २आय वजा केल्या की चारही घरांत शून्य.

खरी सिद्धता अ‍ॅडजॉइंटवर उभी आहे. अ‍ॅडजॉइंट म्हणजे अशी मॅट्रिक्स, जिला मूळ मॅट्रिक्सने गुणलं की डिटर्मिनंट गुणिले आय येतं. ए च्या अ‍ॅडजॉइंटला सी म्हणू. ओळी ४, −२ आणि −३, १. ए − लॅम्डा·आय चा अ‍ॅडजॉइंट होतो सी − लॅम्डा·आय. दोन्हींचा गुणाकार म्हणजे बहुपदी गुणिले आय. दोन्ही बाजूंचे सहगुणक जुळव : ए·सी = −२आय आणि ए + सी = ५आय. आता ए² − ५ए − २आय मध्ये ५ए ऐवजी ए(ए + सी) लिही आणि −२आय ऐवजी ए·सी. ए² − ए² − ए·सी + ए·सी. सगळं कटलं. इथे लॅम्डाच्या जागी काही "घातलं" नाही, फक्त सहगुणक वापरले, हे नीट बघ.

गंमत म्हणजे प्रमेयाला ज्याचं नाव आहे त्या खुद्द गणितज्ञ केलीने १८५८ च्या निबंधात २×२ चं करून दाखवलं, ३×३ चं पडताळलंय म्हणून सांगितलं आणि सर्वसाधारण सिद्धतेचे कष्ट घ्यायची गरज वाटली नाही म्हणून हात झटकले. ती सिद्धता जर्मन गणितज्ञ फ्रोबेनियसने १८७८ मध्ये दिली. केलीचे मार्क कुणी कापले नाहीत, पण तुझ्या परीक्षकाकडून ती अपेक्षा ठेवू नकोस. ३×३ ला अ‍ॅडजॉइंटमध्ये लॅम्डा² येतो, त्यामुळे जुळवायची समीकरणं एकाने वाढतात; बाकी रीत हीच.